टर्बो बसवण्याआधी कॉम्प्रेशन मोजा

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. हवा थोडी विरळ, त्यामुळे साधं पेट्रोल इंजिन इथे पाचेक टक्के ताकद गमावतं. टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, ही तूट भरून काढतो, तरी घाई नको. आधी गॅरेजमध्ये प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा दाबतो तेव्हा तयार होणारा दाब, गेजने मोजून घ्या. एखाद्याचं बरंच कमी असेल तर बहुधा पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजलेत. त्यावर बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा दाब, दिला तर पिस्टनचा बळी. इंजिन निरोगी, पण कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन हवा किती पट दाबतो) ११:१ च्या आसपास? मग बूस्टने नॉकिंगचा, म्हणजे इंधन अवेळी पेटून इंजिनाला ठोके बसण्याचा, धोका वाढतो. इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा), इंधन फवारणारे मोठे इंजेक्टर, ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) ट्यूनिंग, बहुधा पिस्टनही बदलावे लागतात. एवढं बजेट नसेल तर मोकळा एक्झॉस्ट, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि ट्यूनिंगवर थांबा. वाढ कमी मिळेल, पण कात्रज घाटात पॅडल दाबताच इंजिन लगेच साथ देतं. इंजिनातले बदल आरटीओला विचारूनच करा.