स्नोमोबाईलची ट्रिप किती तासांची करायची आणि सीझनमध्ये किती वेळा जायचं, मिनेसोटातला आमचा हिशोब

गुलमर्ग नाहीतर सोलंगला जाऊन आलेल्या बऱ्याच जणांनी बर्फातल्या स्कूटरवर, म्हणजे स्नोमोबाईलवर, एक राऊंड मारलेली असते, पुढे ड्रायव्हर, मागे आपण, दहा मिनिटं, फोटो, झालं. मग नोकरीसाठी अमेरिकेत मिनेसोटातल्या ट्विन सिटीजला, म्हणजे मिनियापोलिस-सेंट पॉलला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात उत्साह येतो आणि मला हमखास एक प्रश्न येतो, की डुलूथपासून ग्रँड मरेपर्यंतची नॉर्थ शोअर ट्रेल 146 मैलांची आहे, मिनेसोटात स्पीड लिमिट ताशी 50 मैल आहे, म्हणजे तीन तासात पोचू ना? शनिवारी जाऊ रविवारी परत.

नाही पोचत. आणि हा प्रश्न मी सिरियसली घेतो कारण पहिल्या वर्षी मी स्वतः हेच गणित केलं होतं आणि ते बायकोच्या हातांवर आलं, ते पुढे सांगतो.

आधी हे डोक्यात बसवा की ट्रिप मैलांमध्ये मोजायची नाही, मशीनवर बसलेल्या तासांमध्ये मोजायची. जंगलातली ट्रेल वळणाची असते, चढउतार असतात, समोरून दुसरा ग्रुप येतो, रोड क्रॉसिंगला प्रत्येक वेळी पूर्ण थांबावं लागतं, कोणाच्या हेल्मेटच्या काचेवर वाफ धरते, कोणाला बाथरूमला जायचं असतं. चालू मशीनचा स्पीड 30-35 दिसला तरी सगळे थांबे धरून चार जणांच्या ग्रुपचा अ‍ॅव्हरेज 20 ते 25 मैलांच्या वर जात नाही. म्हणजे 100 मैल म्हणजे चार-पाच तास, तेही ट्रेल चांगली असेल तर. आणि 146 मैल हे एका बाजूचे! आपली कार आणि मशीन लादून आणलेला ट्रेलर तर डुलूथलाच उभा आहे, तो आणायला परत यावंच लागणार, म्हणजे जवळजवळ 300 मैल, ते आरामात करायचं तर तीन दिवस हवेत, आणि तेही आधी सवय असलेल्या लोकांना.

ट्रेल चांगली असेल तर म्हणालो त्याचं कारण ग्रूमर. ट्रेल सपाट करणारं ते मोठं मशीन शक्यतो रात्री फिरवतात, मग थंडीत तो बर्फ काही तास घट्ट होतो, आणि सकाळी ट्रेल गुळगुळीत असते. शनिवारी दुपारपर्यंत शेकडो मशीन त्यावरून गेली की ओळीने उंचवटे तयार होतात, अगदी एकामागे एक स्पीडब्रेकर टाकल्यासारखे, आणि मग ज्या 20 मैलांना सकाळी एक तास लागला त्यालाच दुपारी दीड तास लागतो आणि कंबर वेगळी बोलते. म्हणून परतीचा रस्ता तोच असेल तर परतीला दीडपट वेळ धरा. मी हे नेहमी धरतो, कधी लवकर पोचलो तर काही बिघडत नाही.

आता किती तास. ज्यांनी कधीच चालवलं नाही त्यांनी पहिल्या दिवशी दोन तास, जास्तीत जास्त तीन, 30-40 मैल. कमी वाटेल पण थ्रॉटल, म्हणजे स्पीड वाढवायचा खटका, उजव्या हाताच्या अंगठ्याने दाबून धरायचा असतो, सवय नसलेला अंगठा तासाभरात भरून येतो, उंचवट्यांवर अर्धवट उभं राहावं लागतं त्यात मांड्या जातात, आणि वळणाला अंग आत झुकवायचं असतं हे कळेपर्यंत माणूस नुसता हँडल ओढत बसतो त्यात खांदे जातात. दुसऱ्या वेळी तीन-चार तास. तीन-चार वेळा जाऊन आलात की मग पाच तासांचा दिवस ठरवा, म्हणजे 100 मैलांच्या आसपास. त्याच्या पुढे आमचा ग्रुप सहसा जात नाही. 150-200 मैलांचे दिवस करणारे लोक आहेत, त्यातले बरेचसे लहानपणापासून चालवणारे. रोझो आणि थीफ रिव्हर फॉल्सच्या बाजूची माणसं, जिथे पोलारिस आणि आर्क्टिक कॅट ह्या स्नोमोबाईल बनवणाऱ्या कंपन्या जन्मल्या, त्यांच्याशी आपली बरोबरी करायची नाही. पोलारिसच्या एडगर हेटीनने 1960 मध्ये अलास्कात आणखी तिघांबरोबर स्नोमोबाईलवरून बाराशे मैलांच्या आसपास प्रवास केला होता, पण त्याला तीन आठवडे लागले हेही लक्षात ठेवायचं.

दिवसाचा उजेड हा दुसरा मोठा मुद्दा आणि नवीन लोक हाच विसरतात. डिसेंबरच्या शेवटी डुलूथला सूर्य आठच्या जरा आधी उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो. जंगलात चारलाच संध्याकाळ होते. सकाळी कपडे चढवायलाच पाऊण तास जातो, मशीन उतरवा, गरम करा, निघता निघता साडेनऊ-दहा वाजतात, म्हणजे हातात सहा तास, त्यातला तास जेवण आणि पेट्रोलचा. फेब्रुवारीच्या शेवटी तोच सूर्यास्त पावणेसहाच्या पुढे जातो. म्हणून आमचा नियम असा आहे की डिसेंबर-जानेवारीत छोट्या राऊंड आणि मोठी ट्रिप असेल तर फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात. अंधारात हेडलाईट असतोच, पण हरीण आणि मूस (इथलं अवाढव्य सांबर) त्याच वेळी बाहेर पडतात आणि थंडीही झपाट्याने वाढते.

थंडीबद्दल. बाहेर उणे 18 सेल्सियस असताना (इथल्या भाषेत झिरो, म्हणजे शून्य फॅरेनहाईट) 30 मैलांच्या स्पीडने निघालात की उघड्या कातडीला ते उणे 32 सारखं लागतं, आणि अशा थंडीत अर्ध्या तासात फ्रॉस्टबाईट होऊ शकतो. पुढे काच असते, हँडलला हीटर असतात, हे सगळं खरं, पण मागे बसणाऱ्याला त्यातलं फारसं काही मिळत नाही आणि तो हालचालही करत नसतो. आमच्या पहिल्या वर्षी हेच झालं. मी दुपारी साडेतीनला म्हणालो आता 25 मैलच राहिलेत, कुठे थांबायचं, जाऊया सरळ. बायको मागे होती, तिने काही म्हटलं नाही, हेल्मेटमध्ये ऐकूही आलं नसतं. पोचलो तेव्हा तिच्या दोन बोटांची टोकं पांढरी पडली होती आणि तिला ती लागतच नव्हती. कोमट पाण्यात हात धरून बसलो, अर्ध्या तासाने रंग आला आणि मग ती दुखण्याने रडली. बोटं वाचली पण अजून थंडीत तिला त्याच बोटांना आधी मुंग्या येतात. तेव्हापासून दर 40 मिनिटांनी थांबायचं म्हणजे थांबायचं, कोणी म्हणो न म्हणो, ग्लोव्ह काढून एकमेकांची बोटं आणि नाक-गाल बघायचे. हे थांबे प्लॅनमध्येच लिहा. मुलं मागे असतील तर 20-25 मिनिटांनी, आणि त्यांचा अख्खा दिवस दीड-दोन तासांचाच, बाकी वेळ घसरगुंडी आणि हॉट चॉकलेट. आईबाबा भारतातून आलेत आणि त्यांना दाखवायचंय तर अर्धा तास पुष्कळ झाला, तळ्याकाठी रेंटलवाल्याकडे न्या, लांब जंगलात नको.

पेट्रोलचा हिशोब सोपा आहे. टाकी साधारण 10-12 गॅलनची, सैल बर्फात मशीन जास्त पितं, कागदावर रेंज सव्वाशे मैल असली तरी आम्ही 70-80 ला भरतोच. नॉर्थ शोअर ट्रेल ही लेक सुपिरियरच्या वरच्या डोंगररांगेतून जाते, पेट्रोल आणि जेवण पाहिजे तर वाटेतल्या गावांकडे वळावं लागतं, तो जाण्यायेण्याचा वेळ नकाशात दिसत नाही पण दिवसातून जातो. म्हणून आधी पंप कुठे आहेत ते बघायचं आणि मग दिवस आखायचा, उलटं नाही. आणि अर्धा दिवस किंवा अर्धी टाकी, जे आधी होईल तिथून मागे फिरायचं, समोर कितीही सुंदर दिसत असलं तरी.

तळ्यावरून शॉर्टकट मारून वेळ वाचेल असं तर प्लॅनमध्ये कधीच धरू नका. मिनेसोटाच्या नॅचरल रिसोर्सेस खात्याचं म्हणणं आहे की स्नोमोबाईलसाठी 5 ते 7 इंच पारदर्शक घट्ट बर्फ हवा, पांढरा असेल तर त्याची ताकद निम्मीच धरायची, आणि एकाच तळ्यावर जाडी सगळीकडे सारखी नसते.

दोन-तीन दिवसांची ट्रिप असेल तर पहिला दिवस अर्धा, मधला मोठा, शेवटचा अर्धा. शेवटचा अर्धा का, तर संध्याकाळी मागे ट्रेलर लावून तीन-चार तास गाडी चालवत मिनियापोलिसला यायचंय, आणि दिवसभर थंडीत राहून गरम गाडीत बसलं की डोळे मिटायला लागतात. मला ट्रेलपेक्षा ह्या परतीच्या ड्राईव्हची जास्त भीती वाटते. पहिल्या दोन-तीन वर्षात रोज नवीन गाव करत पुढे जाऊ नका, एकाच ठिकाणी खोली घ्या, टू हार्बर्स म्हणा, लेक व्हर्मिलियनच्या बाजूला टॉवर नावाचं गाव म्हणा, आणि तिथून रोज वेगवेगळ्या दिशेला राऊंड मारून परत या. कोणाची तब्येत बिघडली, उणे तीस झालं, तर तो दिवस सोडता येतो. पुढच्या गावात बुकिंग असलं की माणूस नको त्या हवेत पण निघतो.

आता सीझनमध्ये किती वेळा. कागदावर सीझन 1 डिसेंबरपासून मार्चअखेरपर्यंत, म्हणजे 17 वीकेंड. पण ग्रूमरला नुसता बर्फ पुरत नाही, खालची दलदल गोठावी लागते आणि वर फूटभर तरी बर्फ लागतो, त्यामुळे डिसेंबर बहुतेक असाच जातो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यानंतर दुपारी वितळायला लागतं. राहिले दहा. त्यातला एखादा अति थंडीत जातो, एखादा वितळण्यात, मुलांचे क्लास, कोणाचं डोहाळजेवण, आणि उरतात चार-पाच. तेवढेच ठरवा. आणि एकच मोठी चार दिवसांची ट्रिप करण्यापेक्षा दर दोन-तीन आठवड्यांनी एक दिवस किंवा दोन दिवस असे तीन-चार वेळा जा, हे माझं ठाम मत आहे, कारण अंगाला सवय तशीच लागते, आणि एकाच ट्रिपवर सगळं लावलं आणि त्या वीकेंडला पाऊस पडला तर वर्ष गेलं. 2023-24 चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींमधला सगळ्यात उबदार होता, कित्येक ट्रेल उघडल्याच नाहीत, आणि ज्यांनी ऑक्टोबरमध्ये नॉन-रिफंडेबल खोल्या घेतल्या होत्या ते अडकले. तेव्हा तारखा दोन-तीन ठेवायच्या, कॅन्सल होणारं बुकिंगच घ्यायचं, आणि बुधवारी ट्रेल कंडिशनचा रिपोर्ट बघून फायनल करायचं.

कोणते वीकेंड, तर जानेवारीतला मार्टिन लूथर किंगचा आणि फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेचा लाँग वीकेंड शक्यतो टाळा, सगळं राज्य तिथेच असतं, खोल्या महाग आणि ट्रेल दुपारपर्यंत नांगरल्यासारखी. संक्रांत त्याच सुमारास येते, तर आम्ही तो वीकेंड घरी तिळगूळ करतो आणि पुढच्या मंगळवार-बुधवारी सुट्टी टाकून जातो, डब्यात तेच लाडू, ते गोठून दगड झाले तर चावत नाहीत म्हणून जॅकेटच्या आतल्या खिशात. मधल्या वारी ट्रेल रिकामी असते, दोन तासात चार माणसं भेटली तर भेटली.

भाड्याने घ्यायचं की विकत, हे पण ह्याच आकड्यावर ठरतं. भाडं दिवसाला साधारण दोनशे ते साडेतीनशे डॉलर, त्यात वर डॅमेजचं डिपॉझिट. वर्षात चार-पाच दिवसच होणार असतील तर भाड्यानेच जा. विकत घेतलं की ट्रेलर, इन्शुरन्स, रजिस्ट्रेशन, उन्हाळ्यात ठेवायला जागा, आणि मग पैसे वसूल करायला माणूस वाईट हवेतही निघतो, हे मला जास्त खटकतं. सलग दोन सीझन सात-आठ दिवस झाले तर मग सेकंडहँड बघा. आणि 31 डिसेंबर 1976 नंतर जन्म असेल तर मिनेसोटात स्नोमोबाईल चालवायला सेफ्टी सर्टिफिकेट लागतं, मोठ्यांना ते ऑनलाईन करता येतं, ते नोव्हेंबरमध्येच करून टाका, आदल्या रात्री करायला बसू नका.

एक वही ठेवा, नाहीतर फोनमध्ये नोट. प्रत्येक ट्रिपनंतर चार गोष्टी लिहायच्या: मशीनवर किती तास, तापमान किती, सगळ्यात आधी कोण दमलं, आणि कितव्या तासाला. आमच्या नोंदीत सात ट्रिपपैकी पाच वेळा चौथ्या तासालाच कोणीतरी गप्प झालेलं आहे, म्हणून ह्या वर्षी जेवणाचा थांबा आम्ही साडेतीन तासांवर आणलाय, आणि त्या थांब्यावर जो सगळ्यात जास्त दमलाय त्याने सांगायचं, पुढे जायचं का मागे फिरायचं.