मॅथ्स-स्टॅटच्या पोरांना कोडिंग शिकवायचंय? मग असं करून बघा

कॉम्प्युटर सायन्सचा कोर्स उचलून जसाच्या तसा बीएस्सी मॅथ्स नाहीतर एमएस्सी स्टॅटच्या वर्गात लावला की काय होतं ते शिकवणाऱ्या सगळ्यांना माहितीये. बँक अकाउंटचा प्रोग्राम, स्क्रीनवर चांदण्यांचा (*) त्रिकोण, पोरं फळ्यावरचं जर्नलमध्ये उतरवून घेतात, प्रॅक्टिकलच्या स्लिपवर तेच येतं आणि पास होतात, पुढे आयुष्यात स्वतःहून एक लूप (तेच काम परत परत करून घेणारा कोड) लिहीत नाहीत. खरं तर या पोरांची एक जमेची बाजू असते, उत्तर किती यायला पाहिजे हे त्यांना वहीत काढता येतं. तेच धरून शिकवायचं. आधी वहीत उत्तर, मग रन, आणि दोन्ही जुळलं नाही तर उरलेला तास त्या भांडणातच घालवायचा.

प्रोग्रामिंगच्या भाषेवरून स्टाफरूममध्ये वाद घालू नका. स्टॅटला आर, मॅथ्सला पायथन, आणि एका सेमिस्टरला एकच. आर बनवलीच मुळी ऑकलंड युनिव्हर्सिटीच्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन स्टॅटवाल्यांनी, आणि तिच्यात मोजणी १ पासून सुरू होते आणि मॅट्रिक्सचं पहिलं एन्ट्री एक-एकच राहतं. पायथनमध्ये ते शून्य-शून्य होतं, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका नाहीतर महिनाभर पोरं एका घराने चुकत राहतात. लॅबमधले पीसी धड नसतील तर कोड लिहून चालवायचं गुगल कोलॅब ब्राउझरमध्येच चालतं, इन्स्टॉलची कटकट नाही. घरी बघायला आयआयटी बॉम्बेचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, मराठी आवाजातले पण मिळतात.

पहिल्या तासाला फक्त बरोबरचं चिन्ह. गंमत नाही करत. 'एक्स = एक्स + १' हे बघून मॅथ्सचा पोरगा मनातल्या मनात ०=१ काढतो आणि तिथेच त्याचा विश्वास उडतो. तेव्हा सांगायचं की हे समीकरण नाही, हुकूम आहे, उजवीकडचं आधी काढ आणि डाव्या नावावर ठेव. मग चार-पाच ओळींचा कोड कागदावर द्यायचा आणि प्रत्येक ओळीनंतर एक्स किती, वाय किती याचं टेबल हाताने भरून घ्यायचं. कॉम्प्युटर बंद. पोरं कुरकुरतात, कुरकुरू द्या.

लूप आणि फंक्शन शिकवायला मला कापरेकरांच्या ६१७४ इतकं भारी उदाहरण दुसरं सापडलेलं नाही. द. रा. कापरेकर, देवळालीच्या शाळेतले मास्तर, १९४९ मधली गोष्ट. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर परत तेच. ३५२४ घेतलं तर ३०८७, ८३५२, ६१७४. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर येता. आधी दोन संख्या वहीत, मग एका पायरीचं फंक्शन, मग ते लूपमध्ये, मग १००० ते ९९९९ सगळ्या संख्यांवर (११११ सारख्या सोडून) चालवून कुणाला किती पायऱ्या लागल्या त्याचा बार चार्ट. मधे एक सुंदर खड्डा आहे, तो आधी सांगू नका. १००० वजा ०००१ म्हणजे ९९९, इथे पुढचं शून्य ज्याने सोडलं त्याचं ९९९ वजा ९९९ शून्य होतं आणि लूप शून्यावरच गरगरत बसतो. ०९९९ धरलं की ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४. कोड चुकला की थिअरम चुकलं, हे वर्गालाच ठरवू द्या.

त्यानंतर कॉम्प्युटरचं अंकगणित. ०.१ + ०.२ आणि ०.३ सारखे आहेत का विचारलं की उत्तर 'नाही' येतं, हे सगळेच दाखवतात, ठीक आहे, पण स्टॅटच्या पोरांना त्यांच्याच फॉर्म्युल्याने मारायला पाहिजे. व्हेरिएन्सचा (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याच्या मापाचा) शॉर्टकट, वर्गांची सरासरी वजा सरासरीचा वर्ग, कॅल्क्युलेटरसाठी एफवायपासून घोटून घेतलेला असतो. तो १००००००००१, १००००००००२, १००००००००३ या तीन आकड्यांवर चालवा. वहीत ०.६६७ येतं, मशीन म्हणतं ०. कारण वर्ग १९ अंकी आणि मशीन नीट सांभाळतं १५-१६ अंक, शेवटचे जे कामाचे होते तेच गेले. आधी सरासरी वजा करून मग वर्ग केले की बरोबर येतं. आणि हो, रेडिमेड फंक्शनही तपासायला लावा: २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ यांचं व्हेरिएन्स आर ४.५७ देतं आणि पायथनचं नमपाय पॅकेज ४, आकडे एन असतील तर पहिलं एन वजा १ ने भागतं, दुसरं डिफॉल्टला एन ने. कुठलं कधी हवं हे पोरांना येतंच, फक्त विचारायचं सुचत नाही.

सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवर रँडम आकडे काढून प्रयोग करणं, शेवटी घ्या पण घाईत उरकू नका. ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हलची (शंभरातल्या साधारण ९५ वेळा खरा मीन, म्हणजे सरासरी, ज्यात सापडते ती रेंज) व्याख्या सगळ्यांना पाठ असते. नॉर्मल डिस्ट्रिब्युशनमधून पाच-पाच आकड्यांची १०,००० सॅम्पल्स काढा, प्रत्येकाचं सॅम्पल एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन) आणि नॉर्मल टेबलमधलं १.९६ वापरून इंटरव्हल बनवा, खरा मीन किती वेळा आत सापडतो ते मोजा. वर्ग ९५ म्हणणार, येतं साधारण ८८. तेव्हा कुठे छोट्या सॅम्पलसाठीचं टी टेबल कशाला असतं ते डोक्यात जातं, १.९६ च्या जागी २.७७६ टाकलं की ९५ परत हजर. आधी सगळ्यांनी एकच सीड (रँडम आकडे जिथून सुरू होतात तो नंबर) ठेवा म्हणजे उत्तरं जुळवता येतात, मग बदला.

दोघांना एक पीसी द्या, दर पंधरा मिनिटांनी कीबोर्ड बदला, नाहीतर एकजण टाइप करतो आणि दुसरा मोबाइल बघतो.

मार्कांचं काय? जर्नलमधल्या कोडला मार्क देऊ नका, तो आता चॅटजीपीटी लिहून देतं. व्हायवाला पोराला त्याचाच कोड उघडायला लावा, एक ओळ बदला, सॅम्पल पाचऐवजी पन्नास करा, आणि रन करायच्या आधी विचारा, आता किती येईल? त्या अंदाजाला निम्मे मार्क, आणि अंदाज चुकला तर का चुकला हे सांगितलं तरी निम्म्यातले बरेच द्या.