कुत्र्या-मांजराची इमर्जन्सी: घरापासून डिस्चार्जपर्यंत

दवाखान्याच्या पाटीवर ‘२४ तास’ लिहिलेलं असलं म्हणून रात्री आत डॉक्टर असतीलच असं नाही. काही ठिकाणी रात्री फक्त मदतनीस असतो आणि डॉक्टर फोनवर. त्यामुळे प्राणी ठणठणीत असतानाच, दिवसा फोन करून विचारून ठेवा: रात्री डॉक्टर प्रत्यक्ष हजर असतात का, ऑक्सिजन द्यायची सोय आहे का, पोटाचं ऑपरेशन रात्री होतं का, आणि रक्त चढवायची वेळ आली तर ते कुठून येतं? शेवटचा प्रश्न मांजर पाळणाऱ्यांनी सोडूच नये. मांजरांत ए, बी आणि एबी असे रक्तगट असतात आणि दुसऱ्या गटाविरुद्धच्या अँटीबॉडी त्यांच्या रक्तात आधीपासूनच असू शकतात. म्हणून अगदी पहिल्यांदा रक्त देतानाही गट तपासावाच लागतो. चुकीचं रक्त गेलं तर जिवावर बेतू शकतं.

दुसरी तयारी आकड्यांची. प्राणी गाढ झोपेत असताना छाती किती वेळा वर येते ते ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. कुत्रा असो वा मांजर, हा आकडा साधारण ३० च्या आत हवा. हृदयाचा आजार असलेल्या प्राण्यात तो रोज लिहून ठेवावा. फुप्फुसात पाणी भरायला लागलं की बाकी काही दिसण्याआधी बहुधा हाच वाढतो. हिरडी बोटाने दाबून सोडा: पांढरा पडलेला डाग २ सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. हिरड्या मुळातच काळ्या असतील तर खालच्या पापणीची आतली बाजू बघा. तापमान गुदद्वारातच घ्यायचं, डिजिटल थर्मामीटरला थोडं वंगण लावून; ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस ठीक. नाक गरम आहे की थंड, यावरून तापाचं काहीही कळत नाही. वजन ताजं असू द्या, कारण औषधांचे डोस किलोवर ठरतात.

सकाळपर्यंत थांबायचं नाही

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो बोक्यांच्या बाबतीत. बोका सारखा शी-लघवीच्या ट्रेमध्ये जातो, जोर करतो, ओरडतो, मागचा भाग चाटत बसतो आणि घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालाय. मग जुलाबाचं औषध पाजण्यात रात्र जाते. खरं तर बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो आणि खडे किंवा चिकट स्रावाची गुठळी अडकून तो पूर्ण बंद होऊ शकतो. लघवी अडली की पोटॅशियम रक्तातच साठतं, त्याने हृदयाचे ठोके बिघडतात, आणि एक-दोन दिवसांत बोका दगावू शकतो. ट्रेमधल्या वाळूत लघवीची ओली गुठळी नाही आणि बोका जोर करतोय, एवढं निघायला पुरेसं आहे. पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न करू नका. ताठरलेलं मूत्राशय फुटू शकतं.

मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत असंच फसवणारं दुखणं म्हणजे पोटाला पीळ पडणं. कुत्रा ओकारी काढतो पण बाहेर फेसाशिवाय काही येत नाही, एका जागी बसत नाही, लाळ गळते. पोट फुगलेलं दिसेलच असं नाही, कारण फुगलेलं जठर बरगड्यांच्या आत लपलेलं असतं. ॲसिडिटीचं औषध देऊन बघण्यासारखी ही गोष्ट नाही. रक्तपुरवठा तुटलेलं जठर काही तासांत मरायला लागतं. ऑपरेशनला होकार देताना एक विचारा: जठर पोटाच्या भिंतीला शिवून टाकणार ना? ते शिवलं नाही तर पीळ पुन्हा पडायची शक्यता खूप असते.

मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल तर लगेच निघा. मांजराचे मागचे पाय अचानक लुळे, थंड पडले आणि ते वेदनेने ओरडत असेल, तर हृदयातून सुटलेली गुठळी पायाच्या धमनीत अडकल्याची शंका घ्यायची. फिटचा झटका ५ मिनिटांपेक्षा जास्त चालला किंवा २४ तासांत दोन आले तर तीही इमर्जन्सी. तोवर घड्याळ लावा, आजूबाजूचं फर्निचर सरकवा, तोंडात हात घालू नका. जीभ गिळली जात नाही, बोटं मात्र चावली जातात. मादी माजानंतर महिना-दोन महिन्यांत सुस्तावली, पाणी जास्त पिऊ लागली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. स्राव दिसत नसेल तर तो जास्त धोक्याचा, कारण पू आतच कोंडलेला असतो. विताना अर्धा तास जोराच्या कळा देऊनही पिल्लू आलं नाही, तर फोन करा. गाडीने धडक दिलेला कुत्रा उठून चालू लागला तरी दाखवावाच लागतो. फुप्फुसाचा मार पहिल्या २४ तासांत वाढत जातो आणि फाटलेलं मूत्राशय वरून दिसत नाही.

निघण्याआधी हाताने काय करायचं

विष पोटात गेलं असेल तर पाकीट, गोळ्यांची रिकामी पट्टी, झाडाचं पान, जे असेल ते सोबत घ्या. उंदराच्या विषात हा तपशील फार मोलाचा. काही विषांनी रक्त गोठणं बंद होतं, पण प्राणी दोन ते पाच दिवस अगदी चांगला दिसतो. त्यावर व्हिटॅमिन के१ चालतं. झिंक फॉस्फाइडवर ते चालत नाही, आणि त्या उलटीतून विषारी वायू निघतो, म्हणून गाडीच्या काचा उघड्या ठेवा. मीठ पाजून उलटी काढायचा उपाय विसरून जा. त्याने रक्तातलं सोडियम वाढून वेगळंच संकट उभं राहतं. मांजराला हायड्रोजन पेरॉक्साइड तर कधीच नाही. केरोसीन, ॲसिड, ब्लीच पोटात गेलं असेल किंवा प्राणी गुंगीत असेल, तर उलटी काढणं हाच अपघात. उलटी काढायची की नाही ते डॉक्टरांना फोनवर विचारून ठरवा. साधारण पहिल्या एक-दोन तासांतच तिचा खरा उपयोग असतो.

मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही मारू शकते. लिलीच्या फुलांचे परागकण अंगावरून चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिन असलेलं गोचीड-पिसवांचं औषध मांजराला लागलं आणि थरथर सुरू झाली, तर आधी दवाखान्याला फोन. त्यांनी सांगितलं तर कोमट पाण्याने, भांडी धुण्याच्या साबणाने धुऊन काढा.

उष्माघातात क्रम उलटा: आधी थंड करायचं, मग निघायचं. साध्या थंड पाण्याने अंग भिजवा, पंख्याचा वारा द्या, गाडीत एसी लावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो गरम होतो आणि उष्णता आत कोंडतो. तापमान ३९.५ पर्यंत उतरलं की भिजवणं थांबवा, नाहीतर ते गरजेपेक्षा खाली घसरतं.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि निदान ५ मिनिटं उचलून बघू नका. बघितलं की जमलेली गुठळी निघते. डोळा बाहेर आला असेल तर सलाईनने ओला ठेवून ओल्या कापडाने झाका. मांजराच्या तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबत असेल तर ओढायचा नाही. त्याचं दुसरं टोक जिभेखाली किंवा आतड्यात अडकलेलं असू शकतं आणि ओढल्यावर तो आतड्याला चिरत जातो.

श्वास आणि हालचाल दोन्ही थांबलं असेल तर छातीवर दाब: कुशीवर आडवं झोपवून, छातीच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत, मिनिटाला १०० ते १२०. तोंड बंद धरून नाकातून श्वास, ३० दाबांमागे २. दोन मिनिटांनी दाबणारा माणूस बदला.

काउंटरवर

पहिलं वाक्य तयार ठेवा: “६ वर्षांचा बोका, ५ किलो, काल रात्रीपासून लघवी नाही, सकाळपासून दोन उलट्या, औषधं कोणतीही चालू नाहीत.” गेल्या वर्षीच्या जुलाबांपासून सुरुवात केली तर मुद्द्यावर यायला वेळ जातो. आणि लाज वाटण्यासारखं काही पोटात गेलं असेल, अगदी घरातला गांजा, तर तेही सांगून टाका. नाहीतर त्याच गुंगीच्या कारणासाठी मेंदूच्या तपासण्या सुरू होतात.

इथे नंबर लागतो तो तब्येतीवर. तुमच्यानंतर आलेला कुत्रा आधी आत गेला तर त्याची अवस्था वाईट आहे. प्राण्याला तुमच्या हातातून घेऊन मागे नेतील. ऑक्सिजन, सलाईन आणि वेदनाशामक आधी, निदान नंतर. तेवढ्यात विचारलं जाईल की हृदय थांबलं तर पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करायचा का. हा प्रश्न सगळ्यांना विचारतात, त्यावरून तुमचा प्राणी चालला असं समजू नका. पण उत्तर गाडीतच ठरवून ठेवा.

खर्चाचा अंदाज कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन आकड्यांत मागा आणि वरच्या आकड्यापर्यंत काय झालं तर जाईल तेही विचारा. पैशांची मर्यादा असेल तर सुरुवातीलाच सांगा. “आज रात्री काय केल्याशिवाय चालणार नाही आणि सकाळपर्यंत काय थांबू शकतं?” हा सगळ्यात उपयोगी प्रश्न. प्रत्येक तपासणीमागे आणखी एक: निकाल असा आला तर उपचार बदलणार का? बदलणार नसतील तर ती तपासणी मागे ठेवता येते.

स्पेशालिस्टकडे जाताना

एक्स-रे किंवा स्कॅनच्या मूळ डायकॉम फाइल (मशीनमधून निघणाऱ्या पूर्ण तपशिलाच्या फाइल) मागून घ्या. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो बारीक तपशिलाला निरुपयोगी असतो. रक्ताचे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने, औषधांची यादी मिलिग्रॅम आणि वेळेसकट. यातला मोठा घोळ स्टेरॉइडचा. गाठी सुजल्या म्हणून आधीच स्टेरॉइड दिलं असेल तर लिम्फोमाचं, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचं, निदान झाकलं जाऊ शकतं. वेदनाशामक गोळीबरोबर ते दिलं गेलं तर जठराला व्रण पडू शकतात. पण चालू स्टेरॉइड स्वतःहून एकदम बंदही करायचं नाही. लघवी कल्चरला (त्यातले जंतू वाढवून बघायला) जाणार असेल तर नमुना अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधीचा हवा.

खोकला, लंगडणं, झटका यांचा व्हिडिओ आडवा धरून काढा, कारण दवाखान्यात ते दिसतीलच असं नाही. मांजर तिथे कोपऱ्यात दबून बसतं आणि लंगडत नाही. चालण्याचा व्हिडिओ समोरून, मागून आणि बाजूने, न घसरणाऱ्या जमिनीवर. उपाशी आणायचं का हे विचारून घ्या. एमआरआयला भूल लागते, पण इन्सुलिनवरच्या प्राण्याला आणि लहान पिल्लाला परस्पर उपाशी ठेवणं धोक्याचं. कुत्र्याचे मागचे पाय लुळे पडले असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका: पायाच्या बोटांतली खोल वेदना जाणवणं बंद झालं की ऑपरेशननंतरही चालायची शक्यता बरीच घटते. तोवर पाठ हलू न देता सपाट फळीवर न्या. दुखावलेला शांत कुत्राही चावतो, म्हणून बँडेजचा फास तोंडाला बांधा. धाप लागलेल्या किंवा ओकणाऱ्या कुत्र्याला मात्र नाही.

घरी सोडताना

शेवटचा डोस दवाखान्यात कधी दिला आणि पुढचा कधी, हे कागदावर लिहून घ्या. घरी आधीपासून चालू असलेली औषधं नव्यांच्या यादीत आहेत, बंद आहेत की चुकून दोनदा येताहेत, ते तिथेच बोलून घ्या. पुढचा पाठपुरावा कोणाकडे, स्पेशालिस्टकडे की नेहमीच्या डॉक्टरांकडे, तेही विचारा. टाके असतील तर गळ्यातली कॉलर साधारण १० ते १४ दिवस काढायची नाही, रात्रीही नाही. शिवण उचकटायला प्राण्याला काही मिनिटं पुरतात. लघवी मोकळी करून आणलेला बोका पहिल्या काही दिवसांत पुन्हा तुंबू शकतो, तेव्हा ट्रेमधल्या ओल्या गुठळ्या मोजत राहा. आणि कुठलंही मांजर घरी आल्यावर दिवसभर काहीच खात नसेल तर दुसऱ्या दिवशी फोन करा. विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात उपाशीपणी चरबी साठायला लागते आणि मग नळीने भरवायची वेळ येते.