अंगणात हरळी लावायची तर आत्ताच लावा

आर्द्रा लागल्यात, दोन बरे पाऊस झाले की अंगणात हरळी लावून घ्या. शेतातून जी हरळी काढता काढता जन्म जातो तीच घरापुढं मुद्दाम लावायची म्हटलं की घरातले वेड्यात काढतात, पण आमच्या सोलापूर बाजूला कमी पाण्यात टिकणारं, धूळ धरून ठेवणारं आणि अनवाणी चालायला मऊ असं दुसरं गवत मला तरी सापडलं नाही, शिवाय गणपतीत दुर्वा घरच्याच मिळतात.

घाई फक्त एका ठिकाणी करू नका. जागा खणून काडीकचरा वेचून सारखी केली की लगेच लावू नका, एकदा भिजवा, आठ-दहा दिवसांत लव्हाळा (जमिनीतल्या गाठींतून फुटणारं तण) वर येईल तो गाठीसकट खणून काढा, परत भिजवा, परत काढा. लव्हाळा एकदा हरळीत शिरला की वेगळा करता येत नाही, मी पहिल्या वर्षी हे केलं नाही आणि वरून अर्धवट कुजलेलं शेणखत टाकलं, पुढं दोन वर्ष खुरपं घेऊन बसलो होतो. शेणखत पूर्ण कुजलेलं, चहापत्तीसारखं भुसभुशीत झालेलंच घ्या.

लावायला हरळीच्या काड्यांचे दोन-तीन डोळ्यांचे (पेरावरच्या कोंबांचे) तुकडे करायचे, चार-चार बोटांवर मातीत दाबायचे, शेंडा वर ठेवायचा. पावसानं ओढ दिली तर पहिले पंधरा-वीस दिवस रोज हलकं पाणी, नंतर ओल बघून. तीन इंच वाढली की कापायची, दीड इंचावर ठेवायची, कापत राहिलात तरच ती आडवी पसरून दाट होते. महिन्या-दीड महिन्यानं गुंठ्याला किलोभर युरिया ओलीवर फेकून वरून पाणी द्या, कोरड्यात टाकला तर पानं करपतात.

आणि कडेला शहाबादी फरशीचे तुकडे किंवा पत्र्याची पट्टी फूटभर खोल उभी गाडा, हे टाळूच नका. काश्या, म्हणजे हरळीच्या जमिनीखालून पळणाऱ्या काड्या, गुलाबाच्या वाफ्यात जातात, तिथनं बांधावर, आणि मग शेतात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. उपटलेल्या काश्याही ओल्या उकिरड्यात टाकू नका, उन्हात कडकडीत वाळवा, नाहीतर खताबरोबर परत रानात येतात.

कडुलिंबाखाली लावत बसू नका, सहा तास ऊन नसेल तिथं ती विरळ होऊन जाते. एप्रिल-मेत आठ-दहा दिवसांनी एकदा भरपूर पाणी दिलं तरी भागतं, तेही नसेल तर ती पिवळी पडून वाळल्यासारखी दिसेल, लोक तेव्हा मेली म्हणून उपटून टाकतात. तसं करू नका हो. जमिनीलगतची एक काडी घेऊन पेराजवळ नखानं खरवडून बघा, आत पांढरट हिरवा ओला डोळा दिसला तर गवत जिवंत आहे, वळवाचा एक पाऊस पडू द्या.