पीक बुडालं? कॅम्प्टोथेसिनच्या व्होल्टॅमेट्रीत या चुका टाळा

सह्याद्रीतल्या नरक्या या झाडाच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगाविरुद्धचं रसायन असतं, हे गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये दाखवलं. त्याआधी, १९६६ मध्ये, मनरो वॉल आणि आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी हे अल्कलॉइड एका चिनी झाडातून वेगळं केलं होतं. आज त्यावर व्होल्टॅमेट्री करणारी, म्हणजे इलेक्ट्रोडवरचा विद्युतदाब बदलत नेऊन प्रवाह मोजणारी, मुलं माझ्याकडे बहुतेक एकच तक्रार घेऊन येतात: ‘सर, पीक बुडालं.’ इथलं पीक म्हणजे प्रवाहाच्या आलेखातला उंचवटा, इंग्रजी ‘peak’. शेतकऱ्याच्या घरचा मुलगा असेल तर सांगताना स्वतःच हसतो.

पीक बुडण्याचं सर्वात लोकप्रिय स्पष्टीकरण म्हणजे ‘औषध डीएनएला बांधलं गेलं’. एका विद्यार्थ्याने दहा मिलि द्रावणात वासराच्या थायमसचा डीएनए शंभर-शंभर मायक्रोलिटर असा दहा वेळा घातला. प्रवाह टप्प्याटप्प्याने उतरला, आलेख देखणा आला, बाइंडिंग कॉन्स्टंटही (बांधणी किती घट्ट, याचा आकडा) निघाला. मी म्हटलं, आता डीएनएच्या जागी नुसतं बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घाल. प्रवाह तरीही उतरला! साहजिकच होतं. दहाचे अकरा मिलि झाले, म्हणजे नुसत्या पातळ होण्याने नऊ टक्के गेले. शिवाय प्रत्येक स्कॅनला, म्हणजे दाबाच्या प्रत्येक फेरीला, इलेक्ट्रोडवर थर चढत होता, तो वेगळाच. डीएनएच्या साठा-द्रावणातच औषध तेवढ्याच संहतीत ठेवा, म्हणजे पातळ होण्याचा प्रश्नच मिटतो. प्रत्येक मापनाआधी इलेक्ट्रोड घासा आणि बफरचा कोरा प्रयोग समांतर चालवा. हे सगळं करूनही पीक उतरलं आणि सरकलं, तरच बांधणीची भाषा करा. तेव्हासुद्धा डीएनए स्वतः इलेक्ट्रोडवर चिकटून जागा अडवतो, हे विसरू नका.

दुसरी चूक पीएचची, आणि ती या रेणूच्या स्वभावातच आहे. कॅम्प्टोथेसिनच्या पाच कड्यांपैकी ‘ई’ कडीत लॅक्टोन, म्हणजे पाण्याने सुटू शकणारा जोड, आहे. आम्लात ती बंद राहते, पण पीएच ७.४ आणि ३७ अंशांना अर्ध्या तासाच्या आतच निम्मा माल कडी सुटून कार्बोक्झिलेट या उघड्या रूपात जातो. म्हणजे सकाळी बफरमध्ये केलेलं द्रावण दुपारी मोजलं, तर तुम्ही दुसऱ्याच रेणूचा अभ्यास करत असता. ही चूक विद्यार्थ्यांचीच आहे असं नाही. मूळ औषध पाण्यात विरघळत नाही म्हणून सत्तरच्या दशकात रुग्णांना त्याचं सोडियम मीठ देऊन पाहिलं गेलं. ते कडी सुटलेलं रूप होतं. गुण कमी आला आणि मूत्राशयाला त्रास झाला. तेव्हा साठा कोरड्या डीएमएसओमध्ये (एक सेंद्रिय द्रावक) करा, अंधारात ठेवा आणि बफरमध्ये घातल्याची वेळ वहीत लिहा. एकाच द्रावणाचं पाच आणि साठ मिनिटांनी मोजमाप घ्या. पीक हललं, तर गुन्हेगार हाच. डीएमएसओचं प्रमाण सगळ्या नमुन्यांत सारखं, शक्यतो एक टक्क्याच्या आत. पावडर वजन करताना हातमोजे आणि मास्क हवाच, कारण हे पेशी मारणारं रसायन आहे.

इलेक्ट्रोडबद्दल फार बोलत नाही. ग्लासी कार्बनचा इलेक्ट्रोड ०.०५ मायक्रॉनच्या अ‍ॅल्युमिना पावडरीवर इंग्रजी आठच्या आकारात घासा, डिस्टिल्ड पाण्यात मिनिटभर सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी धुवा), मग पोटॅशियम फेरीसायनाइडचं सायक्लिक व्होल्टॅमोग्राम (दाब पुढे नेऊन परत आणताना मिळणारा आलेख) काढा. दोन पीकमधलं अंतर ५९ मिलिव्होल्टच्या आसपास, फार तर ऐंशी असावं. दीडशे दिसलं तर औषधाची बाटली उघडूच नका. रेफरन्स इलेक्ट्रोडच्या (ज्याच्या तुलनेत दाब मोजतात त्याच्या) टोकाशी बुडबुडा अडकला की पोटेन्शियल भरकटतं. बोटाने टिचकी मारा. आणि सॅच्युरेटेड कॅलोमेल रेफरन्सवर नोंदवलेली किंमत सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या किमतीशेजारी तशीच ठेवू नका. दोघांत सुमारे ४४ मिलिव्होल्टचा फरक असतो, तोही पोटॅशियम क्लोराइड दोन्हीकडे संपृक्त असेल तर.

रेणूतल्या क्विनोलिन भागाचं क्षपण (इलेक्ट्रॉन घेणं) ऋण दाबाच्या बाजूला पाहायचं असेल तर ऑक्सिजन काढावाच लागतो. नायट्रोजन पंधरा मिनिटं द्रावणातून, आणि स्कॅनच्या वेळी वरून. नळी आतच राहिली तर आलेख दात आल्यासारखा दिसतो. ऑक्सिजनचंच पीक ‘नवीन क्षपण’ म्हणून प्रबंधात आलेलं मी पाहिलं आहे.

स्कॅन रेटच्या, म्हणजे दाब बदलण्याच्या वेगाच्या, आलेखात प्रवाह त्या वेगाच्या वर्गमुळाशी सरळ येतो म्हणून लगेच ‘डिफ्युजन’ (रेणू द्रावणातून पसरत येणं) लिहून टाकतात. लॉग-लॉग आलेखाचा उतार काढा. ०.५ च्या जवळ असेल तर डिफ्युजन, १ च्या जवळ असेल तर अ‍ॅडसॉर्प्शन (रेणू इलेक्ट्रोडवर चिकटणं), आणि ०.७ आला तर दोन्हीची खिचडी. मग स्वच्छ इलेक्ट्रोडवर पहिला स्कॅन किती, दुसरा किती, ते बघा. चिकटणाऱ्या रेणूंच्या बाबतीत पहिल्याच स्कॅनवर विश्वास ठेवावा.

नरक्याचा अर्क थेट मोजणाऱ्यांसाठी एवढंच: धन बाजूला अर्कातले फिनॉल्सही ऑक्सिडाइज होतात, त्यामुळे तिथे दिसलेलं प्रत्येक पीक कॅम्प्टोथेसिनचं नसतं. शुद्ध द्रावणावरचा कॅलिब्रेशन आलेख अर्काला लावू नका. अर्कातच ठरावीक प्रमाणात शुद्ध माल घालत जा आणि तेच पीक वाढतं का पाहा. शेजारी नवीन उंचवटा उगवला, तर तुमचं मूळ पीक दुसऱ्याच कुणाचं तरी होतं.