उपयुक्ततावाद वाचायचाय? मग बेंथमपासून सुरू करू नका

उपयुक्ततावाद म्हणजे ज्याने सगळ्यांचं एकूण सुख वाढतं तेच योग्य, हा विचार. तो मांडणाऱ्या इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमचं १७८९ चं मुख्य पुस्तक व्याख्या आणि वर्गवाऱ्यांनी भरलेलं आहे, बरेच जण तिथेच थकतात आणि मग ‘जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख’ एवढ्या एका ओळीवर वाद घालत बसतात. त्यापेक्षा आधी त्याच परंपरेतल्या जॉन स्टुअर्ट मिलचं ‘युटिलिटेरियनिझम’ घ्या. १८६१ ला मासिकात आलेले लेख १८६३ ला पुस्तक झाले, पाचच प्रकरणं आहेत, आणि खुशाल शेवटचं, न्यायावरचं, आधी वाचा. सहकारी संस्थेत जास्त कौशल्यवाल्याला जास्त पगार द्यावा का, टॅक्स सगळ्यांना सारखा की श्रीमंताला जास्त, असे प्रश्न तो घेतो आणि म्हणतो की न्यायाच्या नावाने दोन्ही बाजू तितक्याच पटतात, निकाल समाजाच्या हितावरच लागणार. मला हे प्रकरण आजही ताजं वाटतं.

वाचताना वहीत एकच प्रश्न लिहून ठेवा: हजार रुपये श्रीमंताकडून गरिबाकडे गेले तर एकूण सुख वाढतं का? प्रत्येकाचं उत्तर त्याखाली लिहीत जा.

आता बेंथमकडे या. पैसा वाढतो तसं प्रत्येक जादा रुपयातून मिळणारं सुख कमी होत जातं हे त्याने ओळखलं होतं, म्हणजे समान वाटपाकडेच जायला हवं ना, पण मालमत्तेची सुरक्षितता आणि समता भिडल्या की तो समतेला माघार घ्यायला लावतो. इथे जरा थांबा, पुढचे भांडण इथूनच सुरू होते. अर्थशास्त्रज्ञ पिगू १९२० मध्ये वहीतल्या प्रश्नाला म्हणतो की हो, सुख वाढतं, फक्त देशाचं एकूण उत्पन्न घटता कामा नये. १९३२ ला दुसरा अर्थशास्त्रज्ञ रॉबिन्स म्हणतो की दोन माणसांचं सुख शास्त्रीय पद्धतीने तोलताच येत नाही, आणि अर्थशास्त्रातली वाटपाची चर्चा बराच काळ अवघडून बसली.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्सचं १९७१ चं ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ हे पुस्तक जाडजूड आहे, पहिल्यांदा फक्त उपयुक्ततावादावरची टीका वाचा: सगळ्यांच्या सुखाची एकच बेरीज केली की माणसं वेगवेगळी आहेत हेच विसरलं जातं.

अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेनचं १९७९ चं टॅनर व्याख्यान (‘इक्वॅलिटी ऑफ व्हॉट?’) मात्र अजिबात सोडू नका. अपंग माणसाला त्याच पैशातून कमी सुख मिळतं, म्हणून बेरजेचा हिशोब त्याला आणखी कमी देतो, हे उदाहरण वाचून मी अक्षरशः हादरलो होतो. नेटवर फ्री मिळतं.

मराठीतून जोड हवी असेल तर आगरकर, मिल आणि इंग्रज विचारवंत स्पेन्सर पचवून लिहिणारा माणूस, ‘सुधारक’मधले निबंध काढा.