गिझर बंद पडल्यावर घाईत होणाऱ्या या चुका टाळा

गोव्यातली थंडी जीव घेणारी नसते. जानेवारीत पणजीत पहाटेचे तापमान साधारणपणे १९-२० अंशांच्या आसपास असते आणि सत्तरी, सांगे किंवा काणकोणच्या आतल्या गावांत ते त्याहून काही अंश खाली उतरते. मात्र पहाटे म्हादईच्या काठावर धुके दाटलेले असते, छपरावरच्या टाकीतले पाणी रात्रभर उघड्यावर थंड झालेले असते, घरात म्हातारी माणसे किंवा तान्हे मूल असते आणि नेमक्या अशाच सकाळी गिझर बंद पडल्याचे लक्षात येते. गेली अनेक वर्षे मी माझ्या आणि शेजारपाजारच्या घरांत हा प्रसंग पाहत आलो आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, बंद पडलेल्या गिझरपासून सहसा कोणाला इजा होत नाही. इजा होते ती त्या सकाळी गरम पाण्यासाठी घाईघाईने केलेल्या पर्यायी व्यवस्थेतून. म्हणून पुढे दुरुस्तीपेक्षा त्या घाईविषयीच अधिक लिहिले आहे.

बिघाड आहे की नाही, हे आधी पाहा

गिझर बिघडला असे ठरवून माणूस बोलावण्यापूर्वी दोन-तीन गोष्टी स्वतः पाहता येतात. पहिली गोष्ट म्हणजे विजेचा दाब. गिझरमधली कॉइल किती उष्णता देईल, हे दाबाच्या वर्गावर (दाब गुणिले दाब) अवलंबून असते. २३० व्होल्टला २००० वॉट देणारी कॉइल १८० व्होल्टला जेमतेम १२०० वॉट देते, आणि त्यामुळे २५ लिटर पाणी तापायला अर्ध्या तासाऐवजी पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो. ट्रान्सफॉर्मरपासून लांब असलेल्या वाड्यांवर, सगळ्यांचे गिझर आणि पंप एकाच वेळी चालू होतात तेव्हा, असे घडते. रात्री उशिरा गिझर लावून पाहावा. तेव्हा पाणी नीट तापत असेल तर गिझर निर्दोष आहे आणि तक्रार वीज खात्याकडे करायला हवी.

दुसरी गोष्ट म्हणजे प्लग. २००० वॉटच्या गिझरला सुमारे ९ अँपियर प्रवाह लागतो, त्यामुळे त्याची जागा १६ अँपियरच्या मोठ्या सॉकेटवरच आहे. मेन स्विच बंद करून प्लग काढावा आणि पिना काळ्या पडल्या आहेत का, सॉकेटचे प्लास्टिक तपकिरी होऊन वितळले आहे का, ते पाहावे. समुद्राकाठच्या खाऱ्या दमट हवेत पितळी पिनांवर हिरवट थर चढतो, सांधा सैल होतो आणि तिथेच उष्णता निर्माण होते. असे दिसल्यास सॉकेट आणि प्लग दोन्ही बदलावेत. केवळ पिना घासून तेच सॉकेट वापरत राहणे किंवा एक्स्टेन्शन बोर्ड ओढून त्यावर गिझर चालवणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

दिवा लागतो पण पाणी तापत नाही, अशी स्थिती असेल तर बहुधा कॉइल तुटलेली असते किंवा आतला कट-आउट (पाणी फार तापल्यास वीज तोडणारा खटका) पडलेला असतो. कट-आउटचे बटण दाबून गिझर चालू होतो हे खरे. परंतु ते बटण पुन्हा पुन्हा पडत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला कॉइल बंद करणारा भाग, काम करत नाही, असा त्याचा अर्थ आहे. अशा वेळी काही कारागीर ‘डायरेक्ट करून देतो’ म्हणतात, म्हणजे थर्मोस्टॅट वगळून वायर सरळ कॉइलला जोडतात. हे कधीही मान्य करू नये. बंद टाकीत पाणी उकळत राहिले आणि त्याच वेळी सेफ्टी व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब बाहेर सोडणारी झडप) क्षाराने जाम झालेला असला, तर टाकी फुटू शकते. त्या व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थोडे थेंब पडणे स्वाभाविक असते. ते गळणे थांबावे म्हणून त्याला बूच मारणे हीदेखील तितकीच गंभीर चूक आहे.

ब्रेकर पडतो, याचा अर्थ तो काम करतो आहे

आमच्या वाळपईजवळच्या घरात काही वर्षांपूर्वी पौष महिन्यात गिझर लावला की ईएलसीबी, म्हणजे वीज गळल्यास प्रवाह तोडणारा ब्रेकर, पडू लागला. दादाने दोनदा, तीनदा तो वर केला, पण दर वेळी तो खटकन खाली आला. शेवटी, ब्रेकरच बिघडला असावा असे मानून, आम्ही दोघांनी गिझरची वायर न्हाणीमागच्या जुन्या पडवीतल्या सॉकेटला जोडली. त्या भागाचे वायरिंग फार जुने होते आणि त्यावर ईएलसीबी नव्हता. पाणी छान तापले. आई आंघोळीला गेली आणि आतूनच म्हणाली, “अरे, नळाला हात लावला की मुंग्या येतात.” मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. तिच्या पायाखाली त्या दिवशी लाकडी पाट होता, एवढ्यावरच ते निभावले, असे आमच्या वायरमनने नंतर सांगितले.

त्याने कॉइल काढून ओट्यावर ठेवली, ती मला अजून डोळ्यांसमोर दिसते. अंड्याच्या कवचासारखा पांढरा थर तिच्यावर चढला होता. थर नखाने सोलल्यावर तांब्याच्या नळीला केसाएवढी चीर दिसली आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना हिरवा डाग पसरलेला होता. त्या चिरेतून पाणी आत शिरत होते आणि वीज पाण्यात उतरत होती. कॉइलशेजारी असणाऱ्या मॅग्नेशियमच्या कांडीची तर नुसती तार उरली होती. ही कांडी स्वतः झिजून टाकी आणि कॉइल यांना गंजण्यापासून वाचवते. ती दोन-तीन वर्षांनी तपासून बदलायची असते, ही गोष्ट तोवर आम्हाला कोणी सांगितलेली नव्हती. खाजनांच्या (खाडीकाठच्या खारट सखल शेतांच्या) बाजूला किंवा खाडीजवळच्या विहिरींचे मचूळ पाणी टाकीत जात असेल, तर ती दरवर्षी पाहणे बरे.

घरगुती ईएलसीबी ३० मिलिअँपियर एवढी वीज बाहेर गळली की प्रवाह तोडतो. त्यामुळे विशिष्ट उपकरण लावल्यावरच तो पडत असेल, तर दोष त्या उपकरणात आहे असेच मानावे. ईएलसीबीला वगळून दुसऱ्या सॉकेटवरून गिझर चालवणे ही या लेखातली सर्वांत घातक चूक आहे, आणि ती समजूतदार माणसांकडूनही होते म्हणून ती इतक्या तपशिलाने लिहिली. अर्थिंग आहे म्हणून निश्चिंत राहणेही पुरेसे नाही. आपली बहुतेक जमीन जांभ्याची. पावसाळा संपून दोन-तीन महिने झाले की ती कोरडी पडते आणि कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात थंडीच्या सुरुवातीला पाणी घालावे आणि वायरमनकडून ते मोजून घ्यावे. टेस्टरचा दिवा लागला नाही, एवढ्यावरून नळ सुरक्षित ठरत नाही.

रॉड

गिझर बंद पडला की माळ्यावरचा रॉड, म्हणजे बादलीत बुडवून पाणी तापवायची विजेची कांडी, खाली येतो. आयएसआय चिन्ह असलेला, नळीवर कुठेही चीर वा डाग नसलेला रॉड ईएलसीबीच्या संरक्षणाखालच्या सॉकेटवर वापरता येतो. मात्र लोखंडी बादलीत किंवा तांब्याच्या हंड्यात तो सोडू नये. आधी रॉड पाण्यात खुणेपर्यंत बुडवावा, मग बटण चालू करावे. आणि काढताना आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग थोडे थांबून रॉड बाहेर, हा क्रम मोडू नये. पाणी तापले की नाही हे चालू रॉडच्या पाण्यात बोट घालून पाहणारे अनेक जण मी पाहिले आहेत. ही सवय एखाद्या दिवशी प्राण घेऊ शकते. रॉड लावून दूध आणायला जाणे, किंवा लहान मुले फिरत असलेल्या खोलीत तो ठेवणे, याविषयी वेगळे सांगण्याची गरज नसावी.

गॅस गिझर आणि शेगडी

विजेचा गिझर बिघडला म्हणून घाईने गॅस गिझर आणून तो फ्लॅटच्या चिंचोळ्या बाथरूममध्ये बसवणे, ही अलीकडे वाढलेली चूक आहे. गॅस जळताना खोलीतला प्राणवायू वापरला जातो आणि तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वासही नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम मिसळलेला उग्र वास असतो, त्यामुळे वास नाही म्हणजे धोका नाही अशी आपली समजूत झालेली असते आणि तीच इथे फसवते. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, पाय लटपटतात आणि कडी काढण्याइतकी शक्ती उरत नाही. निळ्या ज्योतीऐवजी पिवळी ज्योत दिसू लागली तर गिझर त्याच क्षणी बंद करावा.

गॅस गिझर आणि सिलिंडर दोन्ही बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत असावेत. आधीच आत बसवलेला असेल तर तो बाहेर हलवेपर्यंत दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा, थोडा वेळ हवा खेळू द्यावी आणि मगच आंघोळीला जावे. एकामागून एक चौघांनी दार लावून आंघोळी करणे तर पूर्णपणे टाळावे. कोणी आत पडलेले आढळल्यास दार उघडून गॅस बंद करावा, त्या व्यक्तीला तत्काळ उघड्यावर आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गॅसचाच वास येत असेल तर रेग्युलेटर बंद करावा, विजेच्या एकाही बटणाला हात लावू नये आणि घराबाहेर येऊन गॅसगळतीच्या १९०६ या क्रमांकावर कळवावे.

कार्बन मोनॉक्साइड शेगडीतही तयार होतो. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेकासाठी करवंट्यांचे निखारे ठेवण्याची रीत आहे, आणि थंडीत म्हातारी माणसेही उशाशी शेगडी मागतात. निखाऱ्यांवर धूर दिसत नाही म्हणून खिडक्या लावून घेतल्या जातात, परंतु धूर न देणारे निखारेही कार्बन मोनॉक्साइड देतच असतात. शेक घेतेवेळी खिडकी उघडी असावी आणि झोपण्यापूर्वी शेगडी अंगणात नेऊन ठेवावी. रात्रीची ऊब गोधडीने आणि गरम पाण्याच्या पिशवीनेही मिळते.

मग त्या सकाळी करायचे काय

ज्यांच्या घरी अजून बाहेरची न्हाणी आणि चुलाणावर (मोठ्या चुलीवर) बसवलेले तांब्याचे भाण, म्हणजे पाणी तापवायचे मोठे भांडे, आहे, त्यांनी ते मोडीत काढू नये. सोडणां (नारळाची सोललेली साले) आणि सुकी चुडतां (माडाच्या झावळ्या) जाळून त्यात घरभराचे पाणी तापते, आणि न्हाणी हवेशीर असल्यामुळे धूर बाहेर जातो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी एक साधा हिशेब उपयोगी पडेल. १५ लिटरच्या बादलीत साधारण २३-२४ अंशांचे पाणी असेल, तर ती आंघोळीयोग्य ४० अंशांवर आणण्यासाठी बादलीतले सव्वातीन लिटरच्या आसपास पाणी उकळते असले की पुरते. पुष्कळ घरांत मात्र संपूर्ण बादलीचे पाणी मोठ्या पातेल्यात तापवून, ते फडक्याने धरून, ओल्या फरशीवरून बाथरूमपर्यंत नेले जाते आणि भाजण्याचे अपघात नेमके तिथे होतात. झाकणाच्या छोट्या भांड्यातून किंवा किटलीतून दोन खेपा करणे कितीतरी सुरक्षित आहे. बादलीत आधी गार पाणी घ्यावे, त्यात गरम ओतावे आणि बाळाच्या आंघोळीपूर्वी कोपराने पाहावे. ६० अंशांचे पाणी मोठ्या माणसाची कातडी सुमारे पाच सेकंदांत भाजते. मुलांच्या कोवळ्या त्वचेला त्याहून कमी वेळ पुरतो. तीव्र सर्दी-ताप असलेल्या म्हाताऱ्या माणसाने दोन दिवस अंग पुसून घेतले तरी काही बिघडत नाही, हे घरातल्या सर्वांनी मनापासून स्वीकारले तर निम्मी घाई आपोआप कमी होते.

दुरुस्तीनंतर होणारी एक चूकही सांगायला हवी. टाकी रिकामी करून कॉइल बदलल्यावर, पाणी भरण्याआधीच बटण चालू केले जाते आणि नवी कॉइल काही मिनिटांत जळते. गरम पाण्याचा नळ उघडावा, त्यातून हवा निघून सलग धार येऊ लागेपर्यंत थांबावे आणि मगच गिझर लावावा. आमच्या वायरमनने जाताना बोर्डावरच्या ईएलसीबीवरचे छोटे चाचणी बटण दाखवले आणि ते महिन्यातून एकदा दाबायला सांगितले. दाबल्यावर ब्रेकर खाली पडला नाही तर तो बदलायचा. दर महिन्याच्या एक तारखेला आता आई स्वतः ते दाबते, आणि खटका ऐकल्यानंतरच तो वर करते.